कान नको

मला हिंदी येतं. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात ते कुणाला मान्य नाही. पुण्याहून भोपाळला बदली झाल्यापासून विजय माझ्या हिंदीच्या मागे हात धुऊन लागलाय. एकदा भाजीवाल्याला मी "भैया, ये भेंडी जून है क्या?" असं विचारलं, तर हा तिथेच पोट धरून हसायला लागला. जून म्हणजे इकडे महिना, म्हणे. बरं, असेल! भाजीवाल्याला कळलं ना? त्याने कोवळी भेंडी निवडून दिली, विषय संपला. विजयचं लहानपण नागपुरात गेलं, म्हणून त्याला ही मिजास. मी दहावीपर्यंत हिंदी शिकलेय आणि मार्कही चांगले होते.

आम्ही टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. शमिकाची शाळा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. ती तिसरी 'ब'मध्ये आहे आणि तिच्या वर्गशिक्षिका दुबे मॅडम. या बाई बातम्या वाचल्यासारखं हिंदी बोलतात. 'टिफिन' म्हणणार नाहीत, 'अल्पाहार' म्हणतील. 'छुट्टी' नाही, 'अवकाश'. बाकीच्या आया गालातल्या गालात हसायच्या, मला मात्र बाई पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्यांचं बोलणं मला सगळ्यांत जास्त कळायचं. कळणारच की, सगळे शब्द आपलेच! मी विजयला ठणकावून सांगितलंही होतं, "खरं हिंदी ते. तुझं ते भाजीबाजारातलं."

दर शनिवारी त्यांच्या वर्गात बालसभा भरते. कुणी गोष्ट सांगतं, कुणी कविता म्हणतं, एखादा छोटा प्रयोग होतो, आणि शेवटी 'सप्ताह का संकेत'. हा संकेत सुरू झाला गौरीमुळे. गौरी शमिकाच्या बाकावर बसते. तिला फार कमी ऐकू येतं. एका कानात जुनं मशीन आहे, ते मधूनच शिट्टी मारतं, आणि तिचं बोलणं नवख्या माणसाला पटकन कळत नाही. म्हणून दुबे मॅडमनी ठरवलं, की दर शनिवारी सगळ्या वर्गाने मिळून एका शब्दासाठी हातांची एक खूण शोधायची आणि पुढचा आठवडाभर सगळ्यांनी ती वापरायची. पाणी, भूक, उद्या, रुसणं. शमिका घरी येऊन मला सांगायची आणि मी पोळ्या लाटता लाटता "हो का? छान" म्हणायची. बघायची मात्र नाही.

त्याच वर्गाने गौरीच्या दुसऱ्या कानासाठी मशीन घ्यायचं मनावर घेतलं होतं. आधी मुलांनी घरोघरची रद्दी जमवून विकली, दिवाळीत पणत्या रंगवून विकल्या, आणि आता शाळेचा आनंद मेला होता. मेला म्हणजे मेळा. "आनंद मेला! आपल्याकडे हे ऐकून कुणी सुतक धरेल," असं मी पहिल्यांदा ऐकल्यावर म्हटलं होतं, आणि विजयला तो विनोद आवडलाही होता. वर्गाचा खाण्याचा स्टॉल मी अंगावर घेतला. कोथिंबीर वड्या. आणि त्या दिवशी स्टेजवर शमिका आणि गौरी मिळून एक गोष्ट सांगणार होत्या, शमिका तोंडाने आणि गौरी हातांनी. लोकांसमोर उभी राहण्याची गौरीची ती पहिलीच वेळ. शमिकाने तर जेवता-खाता त्याचाच ध्यास घेतला होता. "आई, गौरी घाबरली तर मी तिचा हात धरीन, पण मग ती गोष्ट कशी सांगेल?" असले तिचे प्रश्न.

मेल्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. शाळा सुटताना फाटकाशी ही गर्दी! दुबे मॅडम समोर दिसल्या म्हणून मी सहज विचारलं, "हमारी शमिका कैसी है?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "शमिका बहुत चेष्टा करती है. गौरी को लेकर तो विशेष. मैं तो बस देखती रह जाती हूँ." तेवढ्यात कुणाच्या तरी आजोबांनी त्यांना गाठलं आणि त्या तिकडे वळल्या.

मी तिथेच खिळले. माझी मुलगी! त्या बिचाऱ्या पोरीची चेष्टा करते! आणि बाईंचा सुसंस्कृतपणा बघा, हसून सांगितलं, वर स्वतःची हतबलताही सांगितली. भोवतालच्या दोन-तीन आयांनी हे ऐकलं असणार या विचारानेच माझे कान तापले. कुणाच्या नजरेला नजर देण्याची सोय राहिली नाही.

शिवाय पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होताच. आठवडाभर मी बघत होते, ही कपाटाच्या आरशासमोर उभी राहून आवाज न काढता तोंड वेडंवाकडं करायची, ओठ ताणायची, भुवया चढवायची, आणि दोन्ही मुठी छातीशी धरून पुढे ढकलायची. मला वाटलं होतं, काहीतरी पोरखेळ. आता कळलं कुणाची नक्कल चालली होती ती!

तिला हाताला धरून तडक घरी आणलं. दार लावलं आणि तिला समोर उभं केलं.

"दुबे मॅडम म्हणाल्या, गौरीच्या बाबतीत तू फार चेष्टा करतेस. खरं का?"

तिचा चेहरा असा फुलला! "हो!" म्हणाली. "खूप करते. अजून काय म्हणाल्या?"

माझा हात उठला. शमिकावर मी कधी हात टाकत नाही, पण त्या फुललेल्या चेहऱ्याने माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "वर तोंड करून सांगतेस? लाज नाही वाटत? ज्या पोरीला ऐकू येत नाही तिची चेष्टा?"

तिने गालावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी नाही करत."

"आत्ता हो म्हणालीस."

"तशी नाही करत."

"मग कशी करतेस? सांग ना! चेष्टेचे प्रकार असतात वाटतं?"

त्यानंतर ती बोललीच नाही. मी म्हटलं, खोटं पकडलं गेलं की मुलं अशीच गप्प होतात. विजय ऑफिसच्या कामाने जबलपूरला गेला होता. त्याला फोन केला, "अरे, मॅडम म्हणाल्या, शमिका गौरीची चेष्टा करते." तो म्हणाला, "करतात गं मुलं चेष्टा. समजावून सांग." समजावून! यांचं नेहमीचं. बाप लांब राहून समजूतदार आणि आईने मात्र घरात तोंड वाजवायचं. मी तेव्हाच ठरवलं, माफी मागायला लावायची, आणि तीही गौरीच्या आईसमोर. उगाच घरातल्या घरात 'पुन्हा करणार नाही' नको.

शनिवारी शाळेचं मैदान नुसतं फुललं होतं. आमच्या शेजारी चौथीचा फुलकीचा स्टॉल, म्हणजे आपली पाणीपुरी, तिथे झुंबड. माझ्या वड्याही चालल्या होत्या, फक्त जो येई तो "धनिया के पकौड़े देना" म्हणे. एरवी मी एकेकाला वडी आणि पकोड्यातला फरक समजावला असता. त्या दिवशी माझं चित्त सगळं फाटकाकडे होतं.

गौरी आणि तिची आई आल्या. गौरीचे वडील गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात लेथवर काम करतात, ते स्टेजचा कार्यक्रम गाठायला मागून येणार होते. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, गौरीचा नवा फ्रॉक, दोन वेण्या, कान झाकतील असे केस ओढून बसवलेले. शमिकाला पाहून गौरी लांबूनच हसली आणि हातांनी काहीतरी विचारलं. शमिकाने माझ्याकडे पाहिलं आणि हात खालीच ठेवले.

मी तिला दंडाला धरून पुढे नेलं. गौरीच्या आईला म्हटलं, "बहनजी, शमिका को गौरी से माफी माँगनी है. ये उसकी चेष्टा करती है."

"चेष्टा?" त्या गोंधळल्या. "कैसी चेष्टा, भाभी?"

किती सोशिक बाई, मी मनात म्हटलं. मुलीच्या अपमानाचा उच्चारही नको वाटतोय तिला. त्यामुळे मला आणखीच शरम वाटली आणि तो सगळा राग मी शमिकावर काढला. "चल. कान धर आणि माफी माग."

"आई, कान नको."

"कान धर म्हटलं ना!"

"कान नको आई. दुसरं करते. हे बघ, हे करते." असं म्हणून तिने तळहात छातीवर ठेवून दोनदा थोपटला.

मी तिचा हात झटकून खाली केला. "नाटकं बंद! लोक बघतायत. कान!"

आठ वर्षांची पोर.  तिने एकदा गौरीकडे पाहिलं, डोळे मिटून घेतले, आणि दोन्ही कान धरले.

गौरीच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून होतं. ते आधी थिजलं आणि मग गेलं. ती शमिकाच्या हातांकडे बघत राहिली, कानांवरच्या त्या बोटांकडे. मग तिने केसांखाली हात घातला, मशीन ओढून काढलं, आईच्या हातात कोंबलं आणि फाटकाकडे पळत सुटली. तिच्या घशातून कसला तरी आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो.

तिची आई माझ्याकडे नाही, शमिकाकडे बघून म्हणाली, "ये भी वही करने लगी?" आणि मुलीच्या मागे धावली.

'वही' म्हणजे काय, मला कळलं नाही. मी विचारायच्या आत शमिका स्टॉलच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. गुडघ्यांत डोकं. मी टेबलावरची चादर जरा खाली ओढली, म्हणजे लोकांना दिसू नये, आणि वड्या द्यायला लागले. माफी मागून झाली होती ना! मला तेव्हाही वाटत होतं, मी कर्तव्य केलं.

थोड्या वेळाने स्टेजवरून दोघींची नावं पुकारली. कुणी गेलं नाही. पुन्हा पुकारली. मग दुबे मॅडमनी माइक हातात घेतला. गोष्ट नंतर घेऊ, आधी वर्गाचा पुरस्कार देऊन टाकू, असं काहीतरी म्हणाल्या आणि पुढे स्पष्ट, एकेक अक्षर तोडून, "तृतीय 'ब' का इस वर्ष का सर्वश्रेष्ठ चेष्टा पुरस्कार, शमिका को!"

मला क्षणभर वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय. चेष्टेला पुरस्कार? पण समोर सतरंजीवर बसलेल्या अख्ख्या तिसरी 'ब'ने एकदम दोन्ही मुठी छातीशी धरल्या आणि पुढे ढकलल्या. आरशासमोर शमिका करायची तश्शीच.

झारा माझ्या हातातून तेलात पडला.

"चेष्टा मतलब?" मी फुलकीच्या स्टॉलवरच्या बाईला विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी म्हणजे काय विचारलं होतं. "मतलब कोशिश, भाभी. मेहनत."

प्रयत्न! प्रयत्न म्हणायचं ना बाई, प्रयास म्हणायचं, काहीही म्हणायचं! पण त्यांचा काय दोष? त्या त्यांच्याच भाषेत बोलत होत्या. आपलेच शब्द म्हणून तोऱ्यात मिरवत होते ती मी. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. पण धरणी काही घेत नाही, गिऱ्हाईक उभंच असतं. "आंटी, पकौड़े?"

दुबे मॅडम शमिकाला शोधत स्टॉलशी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझं हिंदी पार कोलमडलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग त्या टेबलाशी वाकल्या आणि शमिकाशी हळू काहीतरी बोलल्या. उठल्यावर मला म्हणाल्या, की चेष्टेचा संकेत मुलांनीच शोधला होता. कुणाचे तरी पप्पा बंद पडलेली स्कूटर ढकलतात, तसा. शमिका आवाज न करता ओठ हलवण्याचा सराव करायची, म्हणजे गौरीला ओठांवरून शब्द ओळखता यावेत. आणि कान? शाळेच्या व्हॅनमधली मोठी मुलं गौरी चढली की दोन्ही कान धरून तिला वेडावतात. म्हणूनच वर्गाने माफीसाठी कान धरणं बंद करून दुसरा संकेत ठरवला होता. छातीवर हात ठेवून दोनदा थोपटायचं.

म्हणजे माझ्या लेकीने गौरीची चेष्टा कधीच केली नव्हती. मी करायला लावली. चारचौघांत, दंडाला धरून. आनंद मेला होता, अगदी मराठीत.

संध्याकाळी विजय आला. सगळं ऐकून तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुला तर माहीत होतं ना हिंदीतला अर्थ? मग फोनवर का नाही बोललास?" तो म्हणाला, "मंजूषा, तू मला मराठीत सांगितलंस." 

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गौरीच्या घरी गेलो. तिच्या आईने बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि "हो जाता है, भाभी" म्हणाली.  गौरी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. मशीन टीव्हीवर ठेवलेलं होतं. कालपासून कानात घालत नाही, आई म्हणाली. शाळेतही जाणार नाही म्हणते.

शमिका माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. डबा दे. वेणी घाल. मी माफी मागितली तर "ठीक आहे" म्हणाली, जसं मोठी माणसं म्हणतात. आरशासमोर उभं राहणं बंद झालं. मी स्वयंपाकघरात असले की मला सारखं वाटायचं, आता येईल आणि म्हणेल, आई, आजचा संकेत बघ. आता मी पोळी करपली तरी बघितला असता.

त्या आठवड्यात मी दुबे मॅडमना गाठलं आणि विचारलं, "मला बालसभेत यायला मिळेल का?" त्या म्हणाल्या, गौरीला आणायचं माझ्यावर सोडा.

शनिवारी मी वर्गात गेले. गौरी आली होती. कानात मशीन नव्हतं, आणि ती शमिकाच्या बाकावर नव्हती, खिडकीशी एकटी बसली होती. शमिका जुन्याच बाकावर, अर्ध्यातच, उरलेली अर्धी जागा तशीच ठेवून. मुलं माझ्याकडे बघत होती. घरून मी चांगलं हिंदी पाठ करून गेले होते, विजयकडून तपासूनही घेतलं होतं. सगळं विसरले. तरी बरंच झालं. जिला सांगायचं होतं तिला ते ऐकू येणार नव्हतं.

मी गौरीसमोर जाऊन खाली बसले. शमिकाकडे बोट दाखवलं आणि 'नाही' अशी मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, मी, हे सगळं मी केलं. आणि तळहात छातीवर ठेवून थोपटला. दोनदाच थोपटायचं असतं. मी थोपटतच राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, वर्गासमोर, आणि ते पुसायलाही मी हात काढला नाही.

गौरीने माझ्या हाताकडे पाहिलं. मग तिने मान वळवून शमिकाला हातांनी काहीतरी विचारलं. शमिकाने उत्तर दिलं. दोघींचे हात भराभर चालले होते, आणि त्यातलं अक्षरही मला कळत नव्हतं. माझ्याच मुलीच्या हातून माझा न्याय चालला होता आणि मी अडाण्यासारखी जमिनीवर बसून होते. शेवटी गौरीने माझ्याकडे बोट केलं, दोन्ही मुठी छातीशी धरल्या आणि पुढे ढकलल्या. हसली नाही. वळून खिडकीबाहेर बघायला लागली.

तो संकेत मला माहीत होता. तरी मी शमिकाला विचारलं, "काय म्हणाली गं?"

शमिकाने मराठीत सांगितलं, खाली बघून.

"म्हणाली, आंटीने चेष्टा केली."

कुठल्या भाषेतली, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.